सायकेडेलिक उपचार नागपुरात: दवाखान्याची पायरी चढण्याआधी

"सहाचं पॅकेज घ्या, सातवं सेशन आमच्याकडून."

काउंटरवरच्या मुलीनं हे सांगितलं तेव्हा दादा माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता. पेशंट आमच्यापैकी कोण, हेसुद्धा तिनं अजून विचारलं नव्हतं. दवाखाना शहरातलाच, नाव लिहीत नाही. आम्ही उठलो. लिफ्टमध्ये दादा म्हणाला, "साड्यांचा सेल लागला का जी?" कित्येक महिन्यांनी त्यानं केलेली ती पहिली थट्टा होती, म्हणून ती फेरी अगदीच वाया गेली असं म्हणवत नाही.

त्यानंतर तीन महिने मी एक शंभर पानी वही घेऊन दवाखाने आणि ओपीड्या फिरलो. मी डॉक्टर नाही, पेशंटचा धाकटा भाऊ आहे. दादाला नैराश्य आहे, गोळ्या लागू पडत नाहीत असं वाटत होतं, म्हणून भान काही वेळ बदलणारं औषध देखरेखीखाली देऊन करायचा हा सायकेडेलिक उपचार आम्ही शोधत होतो. खाली लिहिलंय ते त्या वहीतलं. नागपुरात किंवा उपचारासाठी नागपूर गाठणाऱ्या वर्धा, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळकडच्या कुणाला ही वाट पहिल्यांदाच धरायची असेल, तर कामी येईल.

आधी कायदा समजून घ्या

मोबाईलवर दिसतं ते सगळं इथं मिळत नाही. सायलोसायबिन, म्हणजे 'मॅजिक मशरूम'मधला घटक, तसंच एलएसडी, एमडीएमए आणि डीएमटी हे सगळे भान बदलणारे पदार्थ आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. ते देणारा कायदेशीर खासगी दवाखाना नागपुरात नाही, मुंबईत नाही, देशात कुठेच नाही. कोणी कोडाईकनालचं, गोव्याचं किंवा हिमाचलातल्या एखाद्या खोऱ्याचं 'हीलिंग रिट्रीट' सुचवलं, तर तिथं पकडलं गेल्यावर वकील लागतो आणि तब्येत बिघडली तर डॉक्टर सापडत नाही. अयाहुआस्का नावाच्या वनस्पतींच्या काढ्याचं तर आणखी एक आहे: त्या काढ्यातले घटक आणि नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या एकत्र आल्या तर शरीरात सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. माणूस थेट आयसीयूत.

आमचा एक आतेभाऊ अमेरिकेत असतो. तो फोनवर म्हणाला, "इकडे सगळं लीगल झालंय." सगळं नाही झालेलं. ओरेगॉन राज्यात २०२३ पासून परवानाधारक केंद्रांत सायलोसायबिन मिळतं, पण तो तिथला राज्याचा कायदा, केंद्राचा नाही. एमडीएमएला मान्यता द्यायला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये नकार दिला. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून खास अधिकार मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ पीटीएसडीसाठी (मोठ्या आघातानंतरच्या मानसिक त्रासासाठी) एमडीएमए आणि औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन लिहून देऊ शकतात, तेवढंच.

आपल्याकडे कायद्याच्या चौकटीत उरतं ते केटामाईन. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ते सायकेडेलिक नाही, भुलीचं औषध आहे. १९६२ साली तयार झालं, १९७० मध्ये अमेरिकेत मान्य झालं, आणि आजही ऑपरेशन थिएटरात रोज वापरलं जातं. कमी मात्रेत दिलं तर माणूस काही वेळ स्वतःपासून सुटल्यासारखा होतो आणि नैराश्य काही तासांत सैल पडू शकतं, हे २००० साली एका छोट्या अभ्यासात दिसलं आणि तिथून पुढे हा सगळा प्रवाह सुरू झाला. नैराश्यासाठी शिरेतून केटामाईन देणं हा 'ऑफ-लेबल' वापर आहे. म्हणजे औषधाला मान्यता भुलीसाठी, पण डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर आणि तुमच्या लेखी संमतीनं ते दुसऱ्या कामासाठी देतात. हे बेकायदा नाही. मात्र डॉक्टरांनी ते तोंडानं आणि कागदावर दोन्हीकडे सांगायला हवं. ज्यांनी आपणहून सांगितलं, त्यांच्या नावापुढे मी वहीत टिकमार्क केला.

पेशंट यात बसतो का?

ही पायरी लोक गाळतात. दवाखाना शोधण्याआधी हे ठरवायचं की याची गरज आहे का. 'औषधं लागूच पडत नाहीत' असं आम्हीही सगळ्यांना सांगत होतो. मग एका ओपीडीत बसून जुन्या चिठ्ठ्या तारखेनं लावल्या, तर दादानं एक गोळी तीन आठवड्यांत सोडलेली आणि दुसरी अर्ध्या डोसवरच राहिलेली. डॉक्टरांच्या हिशेबात ती दोन्ही औषधं 'फेल' धरलीच जात नाहीत. साधारण नियम असा: कमीत कमी दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, सहा-आठ आठवडे घेऊनही उतार नाही, तेव्हा नैराश्य 'दाद न देणारं' म्हणायचं. तोवर थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. आमच्यासारख्या शाकाहारी घरात बी-१२ ची बोंब असतेच.

दुसरं मत सरकारी ठिकाणी घ्या, कारण तिथं कोणालाही तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं. मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी मेडिकल कॉलेजं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. एम्सला जायचं तर मेट्रोच्या ऑरेंज लाईननं खापरीपर्यंत आणि पुढे ऑटो. शिवाय आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच, १८६४ पासूनचं. त्याचं नाव काढलं की घरातले मोठे लोक गप्प होतात. आमच्या आईनं तर 'तिकडे नको' म्हणून देवाचं नाव घेतलं. पण ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे. रांग लागते, अर्धा दिवस जातो, डबा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं दादाला विचारलं, "झोप न घेता चार-चार दिवस एकदम जोशात, असं कधी झालं होतं का?" खासगीत आम्हाला हे कोणी विचारलं नव्हतं. उत्तर 'हो' असेल तर आजार बायपोलर, म्हणजे मन कधी खूप चढतं तर कधी खूप खचतं असा, असू शकतो, आणि मग सगळा विचारच बदलतो.

काही जणांसाठी हा उपचार बहुधा नाहीच: ताब्यात नसलेलं बीपी, रक्तवाहिनीला फुगा, नुकताच हृदयविकाराचा झटका, भास-भ्रमाचा आजार, गरोदरपण. नशेची सवय आधी असेल तर ती लपवू नका. केटामाईनचीही सवय लागते, आणि दीर्घकाळ वारंवार घेतलं तर मूत्राशयाची वाट लागते.

आणि जीव द्यायचे विचार आत्ता, आज येत असतील, तर कुठल्याही दवाखान्याची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट, मराठीतूनही चालतो.

कागद बघायला लाजू नका

आपल्याकडे डॉक्टरला 'रजिस्ट्रेशन दाखवा' म्हणणं म्हणजे अपमान वाटतो. मलाही वाटला. म्हणून मी घरूनच बघितलं. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या यादीत ऑनलाईन सापडतं. नावापुढे मानसोपचारातली एमडी, डीएनबी किंवा डीपीएम पाहिजे. 'माइंड कोच', 'ट्रान्सफॉर्मेशन गाईड' या पदव्या भिंतीवर कितीही चकचकीत असल्या तरी त्या जोरावर केटामाईन देता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी विचारा.

पेशंटला भरती करून ठेवणारी जागा असेल तर नर्सिंग होमची महापालिकेकडची नोंदणी आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची राज्य प्राधिकरणाची नोंदणी बघा. महाराष्ट्रात नर्सिंग होमनं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. मी त्या भिंतीकडे बघत उभा राहिलो की काउंटरवरचे लोक जरा सरळ होऊन बसायचे.

औषधाचाही कागद असतो. केटामाईन अनुसूची एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे: चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपायची. म्हणून 'औषध कुरिअरनं घरी पाठवतो, व्हिडिओ कॉलवर घ्या' असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. अनुसूची एक्समधली औषधं टेलिमेडिसिनवरून लिहायला २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी सरळ मनाई केली आहे. अमेरिकेतल्या जाहिराती बघून इथले काही उत्साही लोक तसलं बोलतात.

फोनवर आणि मग प्रत्यक्ष

फोनवर मी एकच प्रश्न आधी टाकायचो: "तुम्ही कोणाला नाही म्हणता?" वहीतला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच निघाला. एका ठिकाणी उत्तर आलं, "सगळ्यांना फायदा होतो सर." दुसऱ्या ठिकाणी बाईंनी विचारलं, "पेशंटचं वय काय, बीपी आहे का, आत्ता कुठली औषधं चालू आहेत?" आणि मग म्हणाल्या, "डॉक्टर आधी तपासतील, पहिल्या भेटीत इंजेक्शन देत नाहीत." मी दुसऱ्या ठिकाणी गेलो.

पेशंटला न नेता एकदा एकटे जाऊन या. धंतोली-रामदासपेठेत गाडी लावायलाच अर्धा तास जातो, म्हणून मेट्रोनं काँग्रेसनगर किंवा रहाटे कॉलनीला उतरून चालत गेलेलं बरं. जिथं सेशन होतं ती खोली दाखवा म्हणा. दाखवायला का-कू केली तर समजा.

मला दाखवलेली खोली साधीच होती. एक पलंग, पाठ वर-खाली होणारा. खिडकीला जाड पडदा. डोक्याशी मॉनिटर, त्यावर नाडी, ऑक्सिजन, बीपी. कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर आणि त्याच्या शेजारी लाल रंगाची इमर्जन्सी ट्रॉली. मी सहज विचारलं, ही कधी उघडली होती? सिस्टरनं ट्रॉलीला लावलेला कागद दाखवला: दर आठवड्याला कोणी तपासली, कुठल्या औषधाची मुदत कधी संपते, सही. पॅकेजवाल्या दवाखान्यात मसाजच्या खुर्च्या, समईसारखा दिवा आणि बुद्धाचं चित्र होतं. मॉनिटर कुठे आहे म्हटल्यावर 'लागला तर आणतो' असं उत्तर मिळालं.

हे मशीन का लागतं? शिरेतून द्यायची नेहमीची पद्धत म्हणजे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत, थेंबाथेंबानं. त्या वेळात बीपी चढतं, मळमळतं, चक्कर येते. एखादाच पेशंट बिघडतो, पण बिघडला तर श्वास सांभाळता येणारा माणूस त्याच मजल्यावर पाहिजे. म्हणून विचारायचं: भूलतज्ज्ञ असतात की 'फोनवर उपलब्ध' असतात? सेशनभर खोलीत कोण बसतं? एका वेळी किती पेशंट?

बायकांसाठी आणखी एक, आणि पुरुषांनीही हे विचारायला हरकत नाही. त्या अवस्थेत माणसाला 'नको' म्हणता येत नाही. हात धरायचा का, खांद्याला स्पर्श चालेल का, हे आधी, शुद्धीत असताना ठरवून लिहून घ्यायचं. कॅनडातल्या एमडीएमएच्या एका चाचणीत थेरपिस्टनी मर्यादा ओलांडल्याचं चित्रीकरणच पुढे बाहेर आलं होतं, तेव्हा हा प्रश्न कोणाला आगाऊपणाचा वाटला तर वाटू द्या. स्त्री पेशंटबरोबर खोलीत स्त्री कर्मचारी हवीच.

थेरपी आहे की नुसतं सलाईन?

नावात 'थेरपी' असते आणि आत फक्त सलाईनचा स्टँड असतो, हे फार ठिकाणी होतं. सलाईनचं काम तासाभराचं. एका डोसचा परिणाम बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. म्हणून सहसा दोन-तीन आठवड्यांत सहा डोस देतात, आणि मन जरा हलकं असतानाच्या त्या दिवसांत बोलून, झोप-जेवण-काम रुळावर आणून काही बांधून घ्यायचं असतं. विचारा: सेशनआधी किती वेळा बसता, नंतर किती वेळा, आणि कोण बसतं? तो माणूस मराठीत बोलतो का? हसू नका, दादा इंग्रजीत 'आय ॲम फाइन' म्हणतो आणि मराठीत रडतो.

मोजतात कशानं, हेही विचारा. चांगल्या ठिकाणी दर वेळी एक प्रश्नावली भरून घेतात. पीएचक्यू-९ ही त्यातली साधी: नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. 'बरं वाटतंय ना?' हे मोजमाप नव्हे. त्याला पेशंट हो म्हणतोच, डॉक्टरचं मन राखायला.

त्या दिवशी

आमचं पहिलं सेशन झालंच नाही. सकाळी नऊची वेळ. दादा आठ वाजता कोपऱ्यावर जाऊन तर्री पोहे खाऊन आला. इतक्या महिन्यांनी त्याला आपणहून भूक लागली म्हणून वहिनीनंही अडवलं नाही. दवाखान्यात सिस्टरनं पहिलाच प्रश्न केला, "काय खाल्लं, किती वाजता?" आणि डॉक्टरांनी सेशन पुढे ढकललं. मी चिडलो. रजा टाकली होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "उलटी छातीत गेली तर मी काय सांगू तुम्हाला?" घरी येताना आठवलं: त्या सातव्या-फुकट दवाखान्यात उपाशी यायचं असतं हा विषयच निघाला नव्हता. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, नेमकं तुमच्या डॉक्टरकडून विचारून घ्या. मे महिन्यात तर नक्कीच, कारण पंचेचाळीसच्या उन्हात कोरड्या घशानं कोणी जाऊ नये.

बरोबर एक जवळचा माणूस पाहिजे. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही, रात्रीची झोप झाल्यावर दुसऱ्या दिवशीच. बाहेरगावच्यांनी संध्याकाळच्या एसटीनं परतण्याचा बेत करू नये. नातेवाइकाकडे मुक्काम ठेवा, आणि त्या नातेवाइकाला 'काय दिसलं रे?' म्हणून विचारू नका असं आधीच बजावा. आमच्या मावशीनं विचारलं होतं.

पैसे

औषध जुनं आणि स्वस्त आहे. पैसे लागतात ते डॉक्टर, खोली आणि देखरेखीचे. तेव्हा दर सेशनमागे मोडून मागा: तपासणी किती, भूलतज्ज्ञ किती, बोलण्याच्या बैठका धरल्यात का. सगळे आगाऊ भरू नका. भरायचेच झाले तर मध्येच थांबलो तर किती परत, हे पावतीवर लिहून घ्या. विमा कंपन्यांनी मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरावा असं कायदा म्हणतो, पण ऑफ-लेबल आणि काही तासांत घरी, या दोन कारणांवर दावा अडकू शकतो. आधी लेखी विचारा.

बिनसलं तर

केसपेपरच्या प्रती मागा, मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. कायद्यानुसार पेशंट आपला नामनिर्देशित प्रतिनिधी आधीच लेखी नेमू शकतो. दादानं वहिनीला नेमलं, मला नाही, आणि ते बरोबरच होतं. तक्रार डॉक्टरविषयी असेल तर मेडिकल कौन्सिल, हक्कांविषयी असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, औषधाविषयी असेल तर अन्न व औषध प्रशासन, पैशाविषयी असेल तर ग्राहक आयोग.

दादाचं काय झालं, असं आता लोक विचारतात. पहिल्या सेशननंतर दोन दिवस तो अंगणात बसून झाडांना पाणी घालत होता. आम्हाला वाटलं जिंकलो. चौथ्यानंतर डॉक्टरांनी चारही प्रश्नावल्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. पहिल्या कागदावर २१ होते, चौथ्यावर १९. म्हणाले, "उरलेली दोन करू नका. यांना याचा उपयोग होत नाहीये." काउंटरवर दोन सेशनचे पैसे परत मिळाले आणि ईसीटीसाठी (भूल देऊन मेंदूला विजेचे झटके देण्याच्या उपचारासाठी) सरकारी हॉस्पिटलच्या नावानं एक पत्र, वर फाईलची पूर्ण प्रत. पत्रावर खाली पेननं लिहिलं होतं: 'पेशंटला सकाळी उपाशी आणावे. पोहे आवडतात.'